फक्त आपल्या रुग्णांसाठी

पत्र आलं तेव्हा माझे दोन्ही हात गरम पाण्याच्या ट्रेवर होते. प्लास्टिकची शीट मऊ झाली की ती पेशंटच्या हातावर मिनिटभरात बसवावी लागते, नाहीतर पुन्हा कडक होते. म्हणून मी ऑफिसच्या कारकुनाला म्हटलं, तूच वाचून दाखव. त्यानं वाचलं. आमच्या कार्यशाळेत तयार होणारा 'एकहाती मनगट-आधार' पेटंटनं संरक्षित असून त्याचे सर्व हक्क अमुक कंपनीकडे आहेत, सबब त्याची निर्मिती तात्काळ थांबवावी आणि थांबवल्याचं लेखी कळवावं. समोर पेशंट हात पुढे करून बसला होता. शीट ट्रेमध्येच राहिली आणि वाया गेली.

मी कारकुनाला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी वस्तू आम्ही या टेबलावर बनवली, ती आता आम्हीच बनवायची नाही, कारण ती दुसऱ्याची आहे. आणि हे आम्हाला कोण सांगतंय, तर ज्यांनी आमच्या कार्यशाळेचा उंबरासुद्धा कधी ओलांडला नाही ते.

मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यशाळेची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर तिथे आम्ही तीन माणसं आहोत आणि त्यातली सगळ्यात जास्त बडबड मी करते. दुसरे भिंग. त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड आहेत की हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात पडलं आणि त्यांनीही ते मुकाट्यानं स्वीकारलं. ते घासकाम करतात आणि रिबिटं ठोकतात. तिसरी शिवणवाली, ती पट्टे शिवते. लकव्यानं किंवा अपघातानं ज्यांचे हात लुळे पडले, त्यांच्या हातांना आधार बनवायचा हे आमचं काम. सव्वीस वर्षं मी तेच करते आहे.

त्या एकहाती आधाराची गोष्ट एका बुकबाइंडर बाईपासून सुरू झाली. उजवी बाजू गेलेली, एकटी राहणारी. तिला आम्ही झकास आधार करून दिला, पण ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा तो पिशवीतच. तिसऱ्यांदा मी तिला चांगलं फैलावर घेतलं, की आम्ही इथे जिवाचं रान करतो आणि तुम्ही घालत नाही. तिनं शांतपणे ओठ वर करून पुढचा दात दाखवला. कोपरा उडालेला होता. म्हणाली, पट्टा दातांनी ओढते, बांधून देणारं घरी कुणी नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही वर्षानुवर्षं एका हाताच्या माणसांना दोन हातांनी बांधायच्या वस्तू देत होतो आणि वर त्यांनाच रागावत होतो.

पुढचे चौदा महिने आम्ही तिघं त्याच्या मागे लागलो. आधाराच्या बुडाला टेबलाच्या कडेत अडकेल अशी खाच करायची, म्हणजे तो हलणार नाही, आणि लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून आत सरकवता येईल, ही कल्पना भिंगांची. पट्टा एका बाजूला कायमचा शिवून दुसरं टोक कडीतून आणायचं, हे माझं. त्या टोकाला वेटोळं शिवायचं, म्हणजे बोट घालून ओढता येईल, हे शिवणवालीचं. आणि ते वेटोळं एका बोटाचं नको, अख्खी मूठ जाईल एवढं हवं, हे त्या बुकबाइंडर बाईचं. आता ही वस्तू कुणाची म्हणायची? आमच्याकडे हा प्रश्न कधी कुणाच्या डोक्यातच आला नाही. जो कोणी शिकायला येई, त्याला आम्ही टेबलापाशी बसवून घ्यायचो, कागदावर नमुना काढून द्यायचो, त्याच्याकडून दोन आधार करवून घ्यायचो आणि चहा पाजून परत पाठवायचो.

मग विद्यापीठाचे प्राध्यापक आले. सतत काहीतरी मोजत असायचे, म्हणून आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमच्या खाचेचा कोन नीट मोजला, दोन अंशांनी बदलला आणि मान्य करायला हवं, आधार आणखी घट्ट बसायला लागला. त्यांनी संयुक्त प्रकल्पाची कल्पना मांडली. आमच्या अध्यक्षांना विद्यापीठाच्या नावाचं फार अप्रूप, त्यांनी करारावर सही केली ती फोटोसाठी हसत हसत. करार वाचला कुणी? कुणीच नाही.

वाचला नाही असं म्हणणंही खरं नाही. माझ्या भावाचा मुलगा त्याच विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षात अधिकारी आहे. डोळे घारे म्हणून घरात तो घाऱ्या. करार त्यानंच लिहिला होता. प्रकल्प संपल्यावर एका रविवारी दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला तो फॉर्म घेऊनच. जेवण झाल्यावर ताटं बाजूला सारून त्यानं तो माझ्यापुढे ठेवला. शोध कुणी लावला, असा एक रकाना होता. मी म्हटलं, सगळ्यांनी. तो म्हणाला, असं नाही चालत, नावं लिही. मी म्हटलं, मग त्या बुकबाइंडर बाईंचं लिही, दात तिचा तुटला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. खरंतर मी थट्टा करत नव्हते. आमच्याकडे 'हे मी केलं' असं म्हणणाऱ्याकडे लोक जरा विचित्र नजरेनं बघतात. शेवटी तो कंटाळला, मी भांडी घासायला उठले आणि रकाना तसाच राहिला. पुढे त्यात मोजपट्टींचं एकट्याचं नाव गेलं. ते मला पत्र आल्यावर कळलं.

पत्राच्या दुसऱ्याच दिवशी मी घाऱ्याला बोलावून घेतलं. आला तो मान खाली घालूनच. मी त्याला बससुद्धा म्हटलं नाही. लहानपणी याचा हात मोडला होता तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसले होते, ते सगळं त्याला ऐकवलं. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण मला ऐकवायचंच होतं.

त्यानं ऐकून घेतलं आणि मग समजावायला लागला. विद्यापीठाला दरवर्षी किती पेटंटं झाली ते दाखवावं लागतं, त्यावर त्यांचा क्रमांक ठरतो. ते स्वतः काही बनवत नाहीत, म्हणून हक्क कंपनीला देतात. कंपनीनं साचे बनवायला पैसे घातले, तेव्हा तिला दुसरा कुणी बनवणारा नको. आणि रुग्णालयानं करारात मान्य केलंय, की प्रकल्पातून जे निघेल ते विद्यापीठाचं. तो म्हणाला, प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आहे. हे वाक्य ऐकल्यावर माझा उरलासुरला तोलही गेला. मी त्याला म्हटलं, तुम्ही सगळे बरोबर, मग चूक कोण? मी? की ती दात तुटलेली बाई?

मी विचारलं, प्रकल्पाच्या आधीपासून आम्ही हे बनवतोय, त्याचं काय? तो म्हणाला, तो मुद्दा भक्कम आहे, पण त्यासाठी कोर्टात जावं लागेल, पाच-सात वर्षं जातील आणि तोवर काम बंद ठेवायचा आदेश येऊ शकतो. आमच्या यादीत त्या महिन्यात चाळीस पेशंट होते. पाच-सात वर्षं हात लुळा ठेवून बसा, असं त्यांना कोण सांगणार? कंपनीचा आधार घ्या म्हणावं, तर त्याची किंमत ऐकूनच निम्मे लोक उठून जातील.

मग तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आत्या, हे मी तुला सांगितलं हे कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मग सांगू नकोस."

"ज्यानं शोध लावला त्याचं नाव नसेल, तर पेटंट लंगडं असतं. कंपनीच्या वकिलांच्या हे लक्षात आलंय. त्यांना तुझं आणि भिंगांचं नाव घालायचंय. त्यासाठी तुमची सही लागेल, की आमचे हक्क आम्ही विद्यापीठाला दिले. गोड बोलून मागतील. फुकट देऊ नकोस."

म्हणजे ज्यांनी मला थांबायला सांगितलं, त्यांचं घोडं माझ्याच सहीपाशी अडलं होतं. त्या क्षणी घाऱ्याला जवळ घ्यावं असं वाटलं, पण मी रागावलेली होते, म्हणून फक्त चहा टाकला.

बैठक आमच्या रुग्णालयाच्या सभागृहात झाली. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला घाऱ्या आणि मोजपट्टी, समोर कंपनीच्या वकीलबाई. माझ्या शेजारी भिंग, हातातल्या टोपीच्या कडा चुरगाळत. वकीलबाई फारच गोड बोलल्या. तुमचं योगदान मोठं आहे, ते नोंदवलं जावं अशी आमची मनापासून इच्छा आहे. अध्यक्षांनी लगेच री ओढली, की बाई, आपल्या रुग्णालयाचं नाव होतंय, सही करून टाका. त्यांना वाटलं असेल, नाव छापून येणार म्हटल्यावर ही हुरळून जाईल.

मी विचारलं, सही केली नाही तर?

वकीलबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भर सभेत शिवी दिली. मोजपट्टी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. ते एकटेच खजील दिसत होते. मध्येच पुटपुटले, यांचं नाव पहिल्यापासून असायला हवं होतं. पण त्यांचं पुटपुटणं कुणी टिपून घेतलं नाही.

मग मी सगळं बोलले. दाताचं, चौदा महिन्यांचं, भाजलेल्या बोटांचं. म्हटलं, तुम्ही तिघांनी मिळून एक वस्तू वाटून घेतलीत, आणि जिच्यासाठी ती केली तिच्या तोंडाला पानं पुसलीत. म्हटलं, विद्यापीठाला आकडा हवा, घ्या. कंपनीला धंदा करायचाय, करा. अध्यक्षसाहेबांना फोटो हवा, काढा. पण आमच्या टेबलावर आम्ही आधार बनवणार, आणि तसं लेखी मिळेपर्यंत मी पेनाला हात लावणार नाही. भिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं. म्हणाले, मी पण नाही.

वकीलबाई बाहेर जाऊन फोनवर बोलून आल्या. तासभर घासाघीस चालली. शेवटी एक कलम ठरलं. 'रुग्णालयाच्या कार्यशाळेला सदर आधार फक्त आपल्या रुग्णांसाठी, विनामूल्य, कायमस्वरूपी बनवता येईल. अटींचा भंग झाल्यास ही परवानगी रद्द होईल.' मी ते तीनदा वाचलं. कायमस्वरूपी हा शब्द मीच घालायला लावला, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटला. घाऱ्या काहीतरी बोलायला गेला. म्हणाला, आत्या, अजून एकदा नीट विचार कर, अजून काही हवंय का? मी म्हटलं, मला काय हवंय? माझे पेशंट. ते मिळाले. मी सही केली, भिंगांनी केली. परत येताना जिन्यात आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

त्या आठवड्यात आम्ही नऊ आधार केले. बुकबाइंडर बाईंना मी मुद्दाम बोलावून सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, चांगलं फटकारलंत. मला तेच ऐकायचं होतं.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, एक तरुण बाई दारात उभी राहिली. पाठीला पिशवी, प्रवासानं चेहरा सुकलेला. लांबच्या एका सरकारी रुग्णालयात ती आमच्यासारखंच काम करते. आदल्या संध्याकाळी गाडीत बसली होती. तिनं कुणाकडून तरी आमच्या आधाराबद्दल ऐकलं होतं. तिच्याकडे अकरा माणसं एका हाताची, आणि त्यातल्या एका आजी पट्टा दाराच्या कडीत अडकवून ओढतात, त्यात एकदा पडल्या. शिकवाल का, ताई, म्हणाली. पिशवीतून तिनं कोरे कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली काढल्या.

मी म्हटलं, ये, बस. भिंगांनी स्टूल पुढे केलं. शिवणवालीनं चहाचं आधण ठेवलं. मी नमुन्यासाठी कागद पसरला, पेन्सिल हातात घेतली आणि थांबले. का थांबले, ते मला आधी समजलंच नाही. मग हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि बाहेर जाऊन घाऱ्याला फोन लावला.

मी विचारलं, शिकवायला तर हरकत नाही ना? मी म्हटलं, अरे, बनवायची परवानगी आहे म्हणजे शिकवायचीही आलीच की त्यात.

"नाही आली, आत्या. फक्त आपल्या रुग्णांसाठी. तिनं तिथे बनवला, तर तो तुमच्या रुग्णांसाठी नाही. नमुना तू दिलास, म्हणजे अट तू मोडलीस. तुमची परवानगी जाईल."

"तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं होतं, अजून काही हवंय का. याहून जास्त मला त्या खोलीत बोलता येत नव्हतं."

खरं होतं. विचारलं होतं त्यानं. आणि मला मागायचं सुचलंच नाही, कारण शिकवणं ही मागून घ्यायची गोष्ट असते हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बनवणं आणि शिकवणं कधी वेगळं नव्हतंच. त्या एका तासात मी शिकवायचं मागितलं असतं, तर मिळालंही असतं. त्यांना माझी सही हवीच होती. मी शब्दांवर घासाघीस केली, कायमस्वरूपी काय, विनामूल्य काय, आणि सव्वीस वर्षांत जे रोज करत आले तेच विसरले. कंपनीचा, विद्यापीठाचा, अध्यक्षांचा राग मला आला होता आणि तो रास्त होता, अजूनही आहे. पण त्या क्षणी सगळ्यात जास्त राग मला माझाच आला.

यादीतले चाळीस माझ्या डोळ्यांसमोर होते. तिचे अकरा पण होते. घाऱ्या फोनवरच होता, त्यानंही फोन ठेवला नाही, मीही नाही.

आत आले आणि तिला सांगितलं, की मला शिकवता येणार नाही. पेटंटचं, कराराचं, सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मान डोलावली. म्हणाली, "बरोबर आहे, ताई. तुमच्या नावावर आहे ना ते. मला माहीत नव्हतं, नाहीतर असं मागितलं नसतं." आणि कागद परत पिशवीत घालायला लागली. भिंग चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ पुसत बसले.

पिशवीची चेन लावताना तिनं विचारलं, "त्या आजींना काय सांगू?"

"सांग, की होतं. पण एका बाईनं सही केली, म्हणून तुम्हाला मिळत नाही. माझं नाव घेऊन सांग."

तिची परतीची गाडी संध्याकाळी साडेपाचला होती आणि अजून अकराही वाजले नव्हते. जाणार कुठे, म्हणून मी तिला थांबायला सांगितलं. पुढचा पेशंट आला, एकहाती आधाराचाच. भिंगांनी शीट ट्रेमध्ये सोडली आणि माझ्याकडे बघितलं. ती स्टुलावरच बसलेली होती, टेबलापासून चार पावलांवर.

मी तिला म्हटलं, तू जरा बाहेरच्या बाकावर बस. ती पटकन उठली, माफी मागितली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागून जाऊन दार लावून घेतलं.